रेसचा घोडा नाशकात रुळवताना

शर्यतीतून उतरलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, घरी आला की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात दोहोंपैकी एक चूक करतात. एक तर त्याला मोकळं वाटावं म्हणून थेट शेतात सोडतात, नाहीतर पाहुण्यांसमोर त्याच्या पाठीवर खोगीर चढवतात. पहिल्या चुकीत घोड्याचा पाय जातो, दुसरीत माणूस पडतो, आणि मग रेसचा घोडा माथेफिरूच असतो असा शिक्का बसतो. तो माथेफिरू नसतो. तो जे काही करतो ते त्याला कुणीतरी मेहनतीने शिकवलेलं असतं, किंवा त्याच्या शरीराला तशी सवय लावलेली असते. ते सगळं सोडवायचा एक क्रम आहे. आधी पोट, मग खूर, मग पाठ आणि लगाम सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की घोडा वाया जातो, हे आम्ही मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागांच्या पट्ट्यात घोडे सांभाळताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ही हकीकत एका सात वर्षांच्या कुमैताची, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोड्याची आहे. खच्ची केलेला, मुंबई-पुण्याच्या हंगामांत चार वर्षं धावलेला आणि बऱ्याच शर्यती मारलेला. मोठे चषक जिंकणारे नर आणि माद्या पुढे पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. खच्ची घोडा कितीही तेज असला तरी त्याला तो रस्ता नसतो. शर्यत संपली की त्याला दुसरं काम शिकावं लागतं. थरोब्रेड नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो आणि त्यातली शर्यतीची असतात जेमतेम चार-पाच. इंग्लंडमधला एक्लिप्स हा थरोब्रेडांच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या घोड्यांपैकी एक. १७६४ चा जन्म, १८ शर्यती, एकही हरला नाही. पण त्याची सारी शर्यत १७६९ आणि १७७० या दोन वर्षांत आटोपली आणि तो मेला १७८९ साली. विजेत्याची कारकीर्द म्हणून आपण जी वाचतो ती त्याच्या आयुष्याचा एवढासा तुकडा असतो.

पण तो तुकडा शरीरावर उमटतो, म्हणून तो नीट माहीत हवा. आपल्याकडे थरोब्रेडचं वय १ जानेवारीला बदलतं, मग शिंगरू जानेवारीत झालेलं असो की एप्रिलात. दोन वर्षांचं झालं की ते रेसकोर्सवर येतं, हाडं अजून भरत असतानाच. तेव्हाच पुढच्या पायांच्या नळ्या सुजण्याचा त्रास होतो. त्यातून निभावलेल्या चांगल्या शिंगरासमोर मग मोठ्या शर्यतींची शिडी असते : मुंबईत डिसेंबरात १६०० मीटरची टू थाउजंड गिनीज, फेब्रुवारीत २४०० मीटरची इंडियन डर्बी आणि पुण्यात सप्टेंबरात २८०० मीटरची सेंट लेजर. डर्बी १९४३ पासून चालू आहे आणि पहिलीच प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या मादीने जिंकली. या शिडीवर न पोचणारे असंख्य घोडेही रोज तेच जगतात. पहाटे उठणं, तासभर काम आणि उरलेले बावीस-तेवीस तास तबेल्यातल्या खणात उभं राहणं. धावताना हृदयाचे ठोके मिनिटाला २२० च्या वर जातात. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात. भरधाव चालीत प्रत्येक झेपेला, म्हणजे चारही पायांच्या एका फेरीला, एक श्वास बांधलेला असतो. अशा यंत्राला एका सकाळी ‘आता आराम कर’ म्हणून चालत नाही.

घोडा निवडताना आम्ही ट्रेनरला विचारतो त्याहून जास्त सईसाला, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणाऱ्याला विचारतो. कुठल्या बाजूने दोर घातला की मान वर करतो, कोणत्या शेजाऱ्याशी पटत नाही, चंदी (दाण्याचा खुराक) संपवतो की टाकतो, शर्यतीनंतर नाकातून रक्त येत होतं का, हे सगळं सईसाच्या डोक्यात असतं आणि कागदावर कुठेच नसतं. ते आम्ही त्याच्यासमोर वहीत उतरवून घेतो. मग पाय. गुडघ्याखाली नळीच्या मागे दोन दोऱ्यांसारखी शीर (रक्तवाहिनी नव्हे, टेंडन) असते. ती पाय जमिनीवर असताना एकदा आणि उचलून सैल केल्यावर एकदा, बोटांच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत तपासायची. दोन्ही पायांत फरक लागला, ऊब लागली किंवा बाजूने पाहताना धनुष्यासारखा फुगवटा दिसला तर सोनोग्राफी केल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुनी, भरून आलेली शीर चालते, पण तो घोडा पुढे उड्यांना घ्यायचा नाही. त्यानंतर कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून बघायची. दुखऱ्या पुढच्या पायावर भार आला की डोकं वर जातं, ही साधी खूण आहे.

येवल्याच्या घोडेबाजारात जाणारी मंडळी आमच्याकडे आली की आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का ते विचारतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची ती पाहणी वेगळी आहे आणि तिला तिचा मान आहे. थरोब्रेडची ओळख मात्र मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली असलेल्या १५ आकडी मायक्रोचिपमध्ये आणि पासपोर्टात असते. चिप वाचून आकडा पासपोर्टाशी जुळवला, ग्लँडर्सचा रक्ततपासणीचा अहवाल आणि प्रवासासाठी पशुवैद्यकाचा दाखला हातात आला, की मगच गाडी ठरवायची. ग्लँडर्सच्या बाबतीत हयगय नको. हा रोग माणसाला होतो, आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो.

पुण्याचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात घोडा निघाला. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, पण वाटेत खेडचा आणि चंदनापुरीचा घाट. घोड्याच्या गाडीने सहा तास धरायचे आणि रात्रीच निघायचं. प्रवासातला खरा धोका पाय मोडण्याचा नसतो, फुप्फुसाचा असतो. तोंड वर बांधून ठेवलं की घोड्याला मान खाली घालून श्वासनळी साफ करता येत नाही. धूळ आणि जंतू आतच राहतात आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. म्हणून दोर इतका लांब ठेवायचा की नाक निदान छातीच्या खाली जाईल, आणि दर तीन तासांनी गाडी थांबवून त्याला वीस मिनिटं मान पूर्ण खाली घालू द्यायची. निघण्याआधी चंदी बंद, फक्त भिजवलेलं गवत. पाणी आम्ही पुण्याहूनच दोन कॅनमध्ये भरून नेलं, कारण अनोळखी पाण्याला घोडा तोंड लावत नाही आणि कोरड्या पोटाने पोटशूळ धरतो. ड्रायव्हरला एकच गोष्ट बजावायची : वळणावर ब्रेक नको, वळणाच्या आधी. आडवे पाय फाकवून तोल सांभाळायला घोड्याला जागा लागते, म्हणून मधली फळी अगदी चिकटवायची नाही.

पोचल्यावर पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजला. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४०, श्वास ८ ते १६, लीद दिवसाला आठ ते बारा वेळा. हे आकडे खणाच्या दारावर खडूने लिहून ठेवावेत. खरं दुखणं दिसायच्या आधी आकड्यांत येतं.

आता पोट. रेसकोर्सवर हा कुमैत दिवसाला सहा किलो ओट्स खात होता, वर हरभरा आणि कोंडा. कामावर असलेल्या घोड्याला ते पचतं. काम थांबलं आणि चंदी तीच राहिली तर मांड्यांचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि घोडा जागचा हलत नाही. सुट्टीनंतरच्या सोमवारी दिसणारं म्हणून जुने लोक याला सोमवारचं दुखणं म्हणत. त्यामुळे आल्या दिवसापासून ओट्स निम्मे केले, तीन किलो. चंदी एकदम कमी करण्यात धोका नाही, एकदम वाढवण्यात आहे. पुढच्या दोन आठवड्यांत तीन किलोंचे दीड किलो झाले, दोन वेळांत विभागून. एका वेळी दोन किलोंच्या वर दाणा कधीच नाही, कारण घोड्याचं जठर आठ ते पंधरा लिटरांचं, शरीराच्या मानाने लहान, आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं बाहेर पडायला एकच वाट.

चंदीची जागा गवताने घेतली. वजनाच्या दोन टक्के, म्हणजे दिवसाला नऊ-दहा किलो सुकं गवत, त्यात दीड-दोन किलो लसूणघास. गवत बदलतानाही घाई नको. आतड्यातले जंतू नव्या गवताला रुळायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून पुण्याहून गाडीतच शंभर किलो गवत आणलं होतं आणि ते इगतपुरी-त्र्यंबक बाजूच्या डोंगरी गवतात रोज थोडं थोडं मिसळत गेलो. डोंगरी गवत कापणीनंतर ओलं गंजी मारलेलं असेल तर आतून बुरशी धरतं. गठ्ठा उघडल्यावर पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तो गठ्ठा खतात. मध्यम धूळ असेल तर दहा मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून घालायचा.

गवत सतत समोर असावं, यामागे एक कारण आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरतं, खाणं असो वा नसो, आणि ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. रेसकोर्सवर दाणा जास्त आणि चावणं कमी, म्हणून रेसच्या घोड्यांत जठराचा अल्सर सर्रास असतो. आमच्या घोड्यात खुणा तिन्ही होत्या. अर्धी चंदी टाकायची, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना मागे वळून दात दाखवायचे, आणि कांती निस्तेज. लोकांनी ‘खोडकर आहे’ म्हटलं. डॉक्टरांनी नळी घालून जठर पाहिलं, वरच्या भागात जखमा होत्या. रोज सकाळी रिकाम्या पोटी आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल, २८ दिवस. तिसऱ्या आठवड्यात दात दाखवणं थांबलं. तंग कसताना चावणाऱ्या घोड्याला मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गव्हाच्या कोंड्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे कोंडा म्हणजे पथ्य समजतात. कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. महिनोन्‌महिने मुख्य खाद्य कोंडाच राहिला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं आणि जबड्याची हाडं फुगतात. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात भिजवलेला कोंडा ठीक. गूळही तसाच, कौतुकाने सुपारीएवढा खडा द्यावा, ढेप नव्हे. मीठ मात्र रोज ४० ग्रॅम, आणि पाणी पंचवीस ते चाळीस लिटर. डिसेंबरात निफाडकडून येणाऱ्या थंडीत पाणी बर्फासारखं होतं, तेव्हा घोडे पाणी कमी पितात आणि लीद सुकून पोटशूळ होतो. पहाटेच्या बादलीत एक तांब्या गरम पाणी ओतलं की पितात.

वजन मोजायला काटा लागत नाही. पुढच्या पायाच्या कोपरामागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. येताना घेर १८६, लांबी १६३, म्हणजे ४७५ किलो. पहिल्या महिन्यात तो बारीक दिसला. बघणाऱ्यांना वाटलं आपण उपाशी ठेवतोय. रेसचा कडक स्नायू उतरत असतो आणि चरबी अजून चढलेली नसते, हा मधला काळ कुरूप असतोच. त्या महिन्यात कुणाच्या सांगण्यावरून दाणा वाढवू नये. मार्चमध्ये घेर १९० झाला, वजन ४९५.

खुरांची गोष्ट इथे नाशकात निर्णायक ठरते. रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमचे हलके पातळ नाल असतात आणि ते इतक्या वेळा बदललेले असतात की खुराच्या भिंतीत खिळ्यांची भोकं जवळजवळ पडतात. खुराचा पुढचा भाग, म्हणजे पंजा, लांब, टाच खचलेली. आम्ही मागचे नाल पहिल्या आठवड्यात काढले, पुढचे तीन आठवड्यांनी, कारण पुढच्या पायांवर वजनाचा साठ टक्के भार असतो आणि चारही एकदम काढले तर घोडा काट्यांवर चालल्यासारखा चालतो. नालबंदाला आधीच सांगितलं, दर चार आठवड्यांनी ये पण एका वेळी थोडंच काप. टाच एका दिवसात उभी करायला गेलं की शिरांवर ताण येतो. खूर महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर वाढतो. पंजा साधारण ऐंशी मिलिमीटर लांब, म्हणजे जुना खूर पूर्ण जाऊन नवा यायला नऊ-दहा महिने. खाणं बदललं त्या सुमारास केसांच्या रेषेखाली खुरावर एक आडवी कडी उमटते. ती हळूहळू खाली सरकते. आमच्यासाठी तीच दिनदर्शिका.

पाचव्या आठवड्यात घोडा रात्री ठीक होता आणि सकाळी तीन पायांवर उभा. असं दिसलं की हाड मोडलं म्हणून हबकून जाऊ नये. आधी खूर हाताने तपासावा. खूर गरम, घोट्यामागची नाडी ठणठणती, म्हणजे बहुधा आत पू. नालबंदाच्या चिमट्याने जुन्या खिळ्याच्या भोकाजवळ दाबल्यावर घोड्याने पाय ओढला. तिथे कोरल्यावर काळं पाणी आलं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून वीस मिनिटं पाय बुडवणं, मग पोटीस आणि वर टेपचं बांधकाम, चार दिवस. धनुर्वाताची लस चालू आहे का हे त्याच दिवशी बघायचं, घोडा धनुर्वाताला फार नाजूक. पू मोकळा झाला की सहसा एक-दोन दिवसांत पाय टेकतो. काही न करता वेदनाशामक टोचत राहिलं तर पू वर चढून केसांच्या रेषेतून फुटतो आणि महिना जातो.

आपली काळी माती पावसाळ्यात खुराच्या तळव्यात गच्च बसते. नालबंद ज्याला पुतळी म्हणतात तो तळव्यातला मऊ त्रिकोण मग सडतो, काळा पडतो, वास येतो. रोज दोन वेळा खूर उकरणं आणि उभं राहायला मुरमाचा, निचऱ्याचा ओटा, एवढं केलं तर औषधाची वेळ क्वचित येते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि खुराच्या कडा तडकतात.

मोकळं सोडण्याचा दिवस चौथ्या आठवड्यात आला. त्याआधी रोज तीन वेळा वीस-वीस मिनिटं हातात धरून चालवणं. सोडला तेही मोठ्या शेतात नाही, दहा बाय दहा मीटरच्या आवारात, चारही पायांना बूट बांधून, चालवून दमल्यावर, समोर गवत टाकून, आणि पलीकडे एक म्हातारी शांत घोडी बांधून. एकटा रेसचा घोडा घाबरतो. जन्मभर तो इतर घोड्यांच्या आवाजात राहिलेला असतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, रोज थोडी वाढ, महिन्याने अर्धा एकर. कुंपणाला काटेरी तार अजिबात नको. द्राक्षबागेचे ताण दिलेले वायर आणि अँकर जवळ असतील तर त्या बाजूला तीन मीटर मोकळी पट्टी आणि ठळक दिसेल असा पांढरा पट्टा. घोडा खणात डोलायचा, एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर, तासन्‌तास. त्याला त्यासाठी बांधून ठेवणारे लोक आहेत. आवारात राहायला लागल्यावर ते डोलणं चंदीच्या वेळेपुरतं उरलं.

आमच्या भागात घोड्याला घातक गोष्टी बांधाबांधावर आहेत, आणि त्या बहुतेक शेतकऱ्यांच्या नजरेत नसतात. सडका आणि निवडून टाकलेला कांदा चाळीबाहेर ढिगाने पडतो. कांदा घोड्याच्या तांबड्या पेशी फोडतो. लघवी लाल होते, हिरड्या पिवळट पडतात. फार्महाउसच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या मधोमध लावलेली कण्हेर तर मूठभर पानांत हृदय थांबवते, सुकलेली पानंही तेवढीच विषारी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत फवारण्या चालू होतात. बोर्डोसारखं तांब्याचं औषध असो की कीटकनाशक, बागेतलं किंवा बागेच्या बांधावरचं गवत कापून आणायचं नाही, शेजारी कितीही आपुलकीने देवो. आणि सर्वांत भयंकर म्हणजे कोंबडीखाद्य किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात जाणं. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन असतं. कोंबड्यांना आणि गुरांना ते योग्य मात्रेत चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने नासतात, आणि उतारा नाही. गोदाम वेगळं, बादली वेगळी, मोजमापाचं भांडंही वेगळं ठेवावं.

जानेवारीत दात आणि पाठ. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला टोचतात, ते घासून घेतले. रेसचं खोगीर किलोच्या आतबाहेर, अगदी पातळ. त्याच्या जागी पाच-सात किलोंचं खोगीर येणार होतं. स्नायू बदलताना पाठीचा आकार दर महिन्याला बदलतो, म्हणून एकदा मापून घेतलेलं खोगीर तीन महिन्यांनी वाघिरावर, म्हणजे मानेच्या मुळाशी पाठीवर असलेल्या उंचवट्यावर, टेकू लागतं. आम्ही दर महिन्याला खोगिराखाली पांढरं कापड टाकून वीस मिनिटं चालवतो. घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा हवा, मधे कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब आहे.

फेब्रुवारीत पहिल्यांदा बसलो. इथे रेसची शिकवण एकेक करून समोर येते. जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, म्हणून चढण्याच्या ओट्याजवळ स्थिर उभं राहणं त्याला माहीतच नसतं. चार दिवस नुसता ओट्याजवळ नेऊन उभा केला, गवत दिलं, परत नेला. जॉकीची रिकीब इतकी आखूड की पोटरी घोड्याच्या बरगडीला लागतच नाही. म्हणून लांब रिकीब घालून पाय पोटाला लागला की घोडा दचकून पुढे सुटतो. तो हट्ट नव्हे, त्या स्पर्शाचा अर्थच त्याला ठाऊक नाही. पुढे झुकून रिकिबीत उभं राहिलं की मात्र अर्थ पक्का ठाऊक आहे : सुट. आणि सगळ्यांत उलटी गोष्ट लगामाची. शर्यतीत लगाम घट्ट धरला की घोडा त्यावर टेकून वेग घेतो. घाबरलेला माणूस लगाम ओढतो, घोडा त्याला ‘पळ’ समजतो, माणूस आणखी ओढतो. रेसच्या घोड्यावरचे बहुतेक अपघात एवढ्यातच असतात. थांबवण्याची रीत वेगळी शिकवावी लागते. खोल बसायचं, श्वास सोडायचा, एका लगामाला हलकं धरून लगेच ढिलं करायचं, वर्तुळ लहान करत न्यायचं. ढिलं करणं हेच उत्तर आहे हे कळायला आमच्या घोड्याला सहा आठवडे लागले.

पहिले दोन आठवडे फक्त चाल, अर्धा तास. मार्चमध्ये दुडकी, सरळ रस्त्यावर. वर्तुळात दहा मिनिटांच्या वर नाही आणि वर्तुळ वीस मीटरपेक्षा लहान नाही, कारण पायाच्या शिरांना वळण सर्वांत जाचक. रेसकोर्स ज्या हाताला वळतो त्या हाताला घोडा सहज वाकतो, दुसऱ्या हाताला फळीसारखा. कमी वाकणाऱ्या हाताने सुरुवात करून त्याच हाताने शेवट करायचा. काम झाल्यावर पंधरा मिनिटांत नाडी ६४ च्या खाली आली पाहिजे. नाही आली तर उद्याचं काम निम्मं. एप्रिलात उन्हाचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी साडेसहापर्यंत काम संपवायचं. नंतर पाणी सतत ओतत राहायचं, एकदा ओतून थांबायचं नाही. अंगावर साचलेलं पाणी तापतं आणि उलट उष्णता धरून ठेवतं.

रपेटीला, म्हणजे धावत्या चालीला, सहावा महिना उजाडला आणि तेही चढावर, कारण चढावर घोडा आपसूक वेग आवरतो. याच सुमारास लग्नसराईत विचारणा होते, वरातीला द्या, मिरवणुकीला द्या. देऊ नये. ढोल, डीजे, फटाके आणि नवख्या माणसाच्या हातातला घट्ट लगाम, म्हणजे त्याला सुटायला सांगणाऱ्या सगळ्या खुणा एकत्र. त्यासाठी लहानपणापासून घडवलेले घोडे आपल्या भागात आहेत आणि ते ते काम उत्तम करतात.

पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या आणि जुलैत घोड्याला येऊन-जाऊन ताप चढू लागला. खाणं चालू, पण वजन उतरतंय, पोटाखाली आणि मागच्या पायांना मऊ सूज. हे सर्ऱ्याचं चित्र. रक्तात परजीवी, चावणाऱ्या माशीतून येणारा. ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्ताच्या काचेवरच तो सहज सापडतो, ताप उतरल्यावर घेतलेला नमुना अनेकदा कोरा येतो. म्हणून थर्मामीटरची ती नोंदवही. नमुना वेळेत गेला, निदान झालं, डॉक्टरांनी वजनावरून मात्रा काढून इंजेक्शन दिलं आणि नंतर तासभर घोड्यापाशी थांबले, कारण या औषधाने घोड्याला कळा येतात आणि घाम फुटतो. महिनाभर काम बंद. ऑगस्टअखेर पुन्हा चालीपासून सुरुवात केली, पण या वेळी प्रत्येक पायरीला निम्मे दिवस लागले.

गेल्या नोव्हेंबरात केसांच्या रेषेखाली उमटलेली ती कडी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुढच्या डाव्या खुराच्या काठाला आली. नालबंदाने कानस फिरवली, ती मातीत पडली. वरचा सगळा खूर आता गुळगुळीत आहे, एकही भोक नाही, आणि टाच बोटभर उंच. त्याने विचारलं नाल मारू का. मुरमाच्या रस्त्यावर घोडा बिनधास्त चालतो आहे, तेव्हा सध्या नको म्हणून सांगितलं.